सांगून फोडलेला दगड

विहीर एकदम आटली नाही. आजारी माणूस आधी जेवण कमी करतो, मग बोलणं कमी करतो, तसं तिचं झालं. मोटार लावली की पाइपातून आधी पाणी यायचं, मग पाणी आणि हवा, आणि चुलीवरचा चहा उकळेपर्यंत नुसती हवा. फौजीण पाइपाच्या तोंडाशी पंजा धरून उभी राहायची. धार तुटली की मोटार बंद करायची, दुपारी पुन्हा लावायची, उन्हं कलल्यावर पुन्हा. तेवढ्या पाण्यात कोबीच्या काही सऱ्या भिजायच्या. बाकीच्या नुसत्या तिच्या तोंडाकडे बघत बसायच्या. गड्डे अजून मुठीएवढेच होते आणि बाहेरची पानं दुपारी कुत्र्याच्या कानासारखी खाली पडायला लागली होती.

गावात तिला सगळे फौजीणच म्हणत. नवरा सैन्यातून परत आला तेव्हापासून तो फौजी आणि ती फौजीण. स्वतःची नावं त्या दोघांना सरकारी कागदावर तेवढी भेटायची.

विहीर दोन भावांत सामाईक होती. बांधाच्या अलीकडे फौजीचं रान आणि पलीकडे त्याच्या धाकट्या भावाचं. हा दीर बोलायला फटकळ होता, पण रात्री-अपरात्री हाक मारली तर चप्पल न घालता धावून येणारा. तो दोर धरून विहिरीत उतरला, खाली पहार आपटून पाहिली आणि घामेजून वर आला. मुरूम संपला होता, खाली सगळा दगड होता. दगडाच्या पोटात पाणी आहे, याबद्दल त्याला शंका नव्हती; पण ते हात जोडून बाहेर येणार नव्हतं. सुरुंग लावावा लागणार होता. पलीकडच्या गावच्या सुरुंगवाल्याशी त्याने बोलूनही ठेवलं होतं.

"सुरुंग नको, भाऊजी," फौजीण म्हणाली.

दिराने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या डाव्या मनगटाकडे पाहिलं आणि अंगठ्याने पहारेचं टोक पुसत बसला. कारण दोघांनाही माहीत होतं.

ते मनगट बाजारात मोडलं होतं. दोन वर्षांपूर्वी फौजी आणि ती हातगाडीवर कोबी मांडून बसले होते. मागच्या रस्त्यावर एका मालट्रकचं टायर फुटलं. पुढचं तिला नीट आठवत नव्हतं, फक्त एवढं की आभाळ बाजूला झालं आणि ती हातगाडीखाली होती, तिच्या अंगावर फौजी होता, आणि त्याची छाती तिच्या पाठीवर धडधडत होती. त्याने तिला वाचवलं होतं. कशापासून, ते त्यालाच माहीत. तिचा हात तिच्याच पोटाखाली वाकडा झाला होता. गड्डे गडगडत लोकांच्या पायात गेले. कुणीतरी वाकून म्हणालं, "या बाहेर फौजी, लढाई संपली," आणि चार-सहा जण हसले. फौजी बाहेर आला, कपडे झटकले, एकेक गड्डा गोळा केला आणि त्या दिवसानंतर बाजाराला गेला नाही.

ती गेली. पुढच्याच बाजारच्या दिवशी हाताला प्लॅस्टर, तीच जागा, तीच हातगाडी. हसणाऱ्यांपैकी एकजण गड्डा दाबून बघत होता. ती म्हणाली, दाबू नका, घ्यायचा तर घ्या, हा काही तुमच्या डोक्यासारखा पोकळ नाही. मनगट सांधलं ते जरा तिरकंच सांधलं. विचारणाऱ्याला ती सांगायची की शिडीवरून पडले.

तेव्हापासून तिने घरातून आवाज हद्दपार केला. दाराच्या बिजागऱ्यांना दर आठवड्याला तेल. फडताळाच्या दाराला आतून चिंधी. स्टीलची भांडी वरच्या माळ्यावर गेली, त्यांच्या जागी लाकडी आणि प्लास्टिकची आली. गाईच्या गळ्यातल्या घंटेत तिने कापूस कोंबला. गाय बरेच दिवस मान हलवून बघत राहिली, आपली वाचा कुठे गेली म्हणून. नवरा झोपलेला असला तर ती त्याला कधी हात लावून उठवत नसे. दारात उभी राहून खोकायची, मग हळू हाक मारायची, मग जरा मोठी. घरात शिरताना परसात पाय घासायची, म्हणजे त्याला कोण येतंय ते कळावं. कुणाच्या घरी लग्नकार्य असलं की तिला आठ दिवस आधी माहिती असायची, बँड कोणत्या रस्त्याने जाणार याच्यासकट. पोरगी शिकायला मावशीकडे ठेवली होती. शाळा चांगली म्हणून, असं लोकांना सांगितलं होतं, आणि शाळा चांगली होतीही.

सासूलाही घर सोडावं लागलं. म्हातारी कानाने पार गेलेली. तिच्याशी बोलायचं म्हणजे बांधावरून बांधावर हाक मारल्यासारखं बोलावं लागायचं, आणि ती स्वतः तर गुपितसुद्धा ओरडून सांगायची. तेव्हा ती आपलं बोचकं घेऊन धाकट्याकडे गेली. कुणी जा म्हटलं नव्हतं. जाताना एवढंच म्हणाली होती, "तुझ्या घरात दूधसुद्धा परवानगी घेऊन उतू जातं, सूनबाई. मला ते जमायचं नाही."

म्हातारी हे हसत म्हणाली होती. फौजीणही हसली होती. पण ते वाक्य तिच्या मनात कुसळासारखं राहून गेलं. दिसायचं नाही, हात फिरवला की टोचायचं.

सुरुंग नको तर मग काय, असं दिराने विचारलं. तिच्याकडे उत्तर तयार होतं. तिच्या माहेरी आजोबा पाथरवट. जातं, पाटा, उंबरा, सगळं ते दगडातून काढायचे, आणि मोठा दगड फोडायचा तर लाकडाने फोडायचे. दगडाची शीर बघायची, शिरेवर ओळीने भोकं पाडायची, त्यांत वाळलेल्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या आणि वरून पाणी घालत राहायचं. लाकूड फुगतं. त्याला जागा लागते. दगड जागा देतो.

दीर म्हणाला, आपण विहीर खोदतोय की उंबरा करतोय. ती म्हणाली, मला पंधरा दिवस द्या. तो म्हणाला, कोबीला विचारा पंधरा दिवसांचं. मग आपणच बोललेलं लागलं असावं, कारण थोड्या वेळाने वाळलेल्या बाभळीचं एक खोड त्याने स्वतःच खांद्यावरून आणून टाकलं आणि निघून गेला.

फौजीला तिने सांगितलं ते एवढंच की विहीर हाताने खोल करायची आहे, सुरुंगाचा खर्च कशाला. फौजीने मान हलवली. त्याला काम आवडायचं. जड, घाम काढणारं, संध्याकाळी मोजता येणारं काम दिलं की त्याचा चेहरा सैल पडायचा.

दोघं शिडीने उतरायची. खालून विहिरीचं तोंड परातीएवढं दिसायचं आणि त्यातून ऊन दुपारी तेवढं तळाशी यायचं, पाहुण्यासारखं बसायचं आणि निघून जायचं. खाली गारवा, ओल्या दगडाचा वास आणि एका अंगाला घोट्याएवढं पाणी. फौजीण दगडावर ओला हात फिरवून शीर शोधायची. पाणी लवकर सुकतं तो दगड एकसंध. जी रेघ ओल धरून ठेवते ती शीर. मग ती छिन्नी धरायची आणि फौजी घण मारायचा. थोड्या वेळाने अदलाबदल. तिचं तिरकं मनगट घण पेलायला नाराज असायचं, पण ती त्याला नाराजच राहू द्यायची.

घणाचा आवाज विहिरीत घुमायचा, वरून जाणारा माणूस थांबून आत बघायचा एवढा. पहिल्या दिवशी ती प्रत्येक घावाला नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याच्या तोंडावर काही नव्हतं. डोळा छिन्नीच्या डोक्यावर, ओठ जरा आवळलेले, घण वर, घण खाली. तिला नवल वाटलं. पेल्यावर चमचा वाजला तरी ज्याची मान वळते, तो माणूस आवाजाच्या पोटात उभा राहून आवाज करत होता. तिला वाटलं, कामाच्या नादात कळत नसेल.

भोकं झाली की पाचरी. फौजी त्या तासायचा, कोयत्याने, एकीसारखी दुसरी. सगळ्या ठोकून झाल्या की वाटीवाटीने पाणी घालायचं आणि वाट बघायची. एकदा दुपारी दोघं खाली बसून डबा खात होती आणि ओळीतला दगड अचानक फुटला. हाड मोडल्यासारखा कट्ट आवाज झाला. भाजीची वाटी पाण्यात पडली. फौजी उठला, फटीत बोटं घालून बघितली आणि हसला. कितीतरी महिन्यांनी तो मोठ्याने हसला आणि विहीरही त्याच्याबरोबर हसली.

"आजोबा पास झाले तुझे," तो म्हणाला. "वाटी का टाकलीस?"

ती म्हणाली, निसटली. दोन्ही हात आपण डोक्यावर धरले आहेत, हे तिला तेव्हा कळलं. केस सारखे केल्यासारखं करून तिने ते खाली घेतले.

दिवस असे गेले. फुटलेल्या ढलप्या पाटीत भरायच्या, दीर वरून दोराने ओढायचा. कधी जाऊ यायची, कधी शेजारी. विहिरीच्या काठावर दगडांचा ढीग वाढला आणि दिराच्या बोलण्यातली धार जरा बोथट झाली. एकदा तो वरून ओरडला की वहिनी, एवढ्यात तर जमिनीच्या पलीकडून निघायला पाहिजे होतं. खालून ती म्हणाली, निघाले की तिथून तुम्हाला हाक मारीन. फौजीच्या हाताला घट्टे पडले, फुटले, पुन्हा पडले. रात्री तो आडवा झाला की सकाळपर्यंत झोपायला लागला. ती मात्र जागीच असायची. सवय. तो श्वास कसा घेतोय ते ऐकत पडायचं, हे तिचं झोपणं होतं.

मग एका सकाळी ओला हात फिरवताना तिला शीर सापडेना. खालचा थर काळा होता. ओल सगळीकडे सारखी सुकत होती. तरी भोकं पाडली. दोन छिन्न्या वाकल्या. पाचरी ठोकल्या, पाणी घातलं, रात्र जाऊ दिली. सकाळी पाचरी फुगून, चेपून, अर्ध्या वर आलेल्या होत्या आणि दगड जसाच्या तसा. पुन्हा ठोकल्या. पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते तिने शब्दशः तीन दिवस घातलं. तिकडे तळातलं पाणी घोट्यावरून बोटांवर आलं होतं आणि वर कोबीच्या कडेच्या सऱ्या पिवळ्या पडल्या होत्या. त्यांचा पाला गाईला घालताना ती गाईच्या डोळ्याला डोळा देत नव्हती.

दीर संध्याकाळी आला. फौजी ओढ्याकडे गेला होता, हे पाहूनच आला. त्याने या वेळी चेष्टा केली नाही. तो म्हणाला की तुमच्या शब्दावर थांबलो, अजूनही थांबलो असतो, पण माझाही तेवढाच कोबी आहे आणि तोही पाणीच पितो. विहीर दोघांची आहे. सुरुंगवाला परवा मोकळा आहे. नंतर महिनाभर नाही.

"दादाला एक दिवस कुठेतरी पाठवा," तो म्हणाला. "तो येईपर्यंत सगळं झालेलं असेल. त्याला कळायचं पण कारण नाही."

कुठल्या वाटेने येणार, असं तिने विचारलं. ओढ्याच्या वाटेने, दुपारनंतर. मग ठीक, ती म्हणाली.

खोटं बोलायला तिला कधी जड गेलं नव्हतं. या दोन वर्षांत ती त्याच्याशी इतकं बारीक-बारीक खोटं बोलली होती की त्याचीच एक भाषा झाली होती. सुरुंगाच्या दिवशी सकाळी ती म्हणाली की पोरगी आठवण काढतेय, बहिणीचा निरोप आलाय, तुम्ही एक दिवस जाऊन या, तिच्यासाठी आणलेल्या चपला घेऊन जा. मी आले असते, पण गाय व्यायला झालीये. फौजीने तिच्याकडे पाहिलं. गाय व्यायला अजून वेळ होता आणि हे दोघांनाही दिसत होतं. पण पोरगी म्हटल्यावर तो लगेच उठला, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. ती फाटकापर्यंत गेली. गाडीत मागच्या बाजूला खिडकीशी बसा, असं सांगितलं. तिथून दोन्ही दारं दिसतात, म्हणून. ते सांगायची गरज नव्हती.

तो गेला आणि ती कामाला लागली. मोटार काढून वर घेतली, पाइप सोडवला. जाऊ आणि दीर जुनी टायरं, काटेरी फांद्या, पोती आणून काठाशी टाकत होते; विहिरीचं तोंड झाकायला. सासूही काठी टेकत आली आणि लांब झाडाखाली बसली. तिला कसला आवाज ऐकू येणार होता. पण आयुष्यात बघण्यासारखं फार काही होत नाही, ते सोडायचं नाही, असं तिचं धोरण होतं.

सुरुंगवाला दुपारनंतर येणार होता तो सकाळच्या दुसऱ्या चहाच्या वेळेलाच आला, आणि ओढ्याच्या वाटेला चिखल आहे म्हणून मोठ्या रस्त्याने आला. ट्रॅक्टरला मागे ते दगडाला भोकं पाडायचं यंत्र, त्यावर लाल निशाण लावलेली पेटी. फौजिणीने ते ऐकलं आणि तिचे हात जागच्या जागी थांबले. मोठ्या रस्त्यावर या वेळी एकच गाडी असते, आणि तिच्यात फौजी होता.

तिचा अंदाज खरा ठरला. भोकं पाडून होत आली होती तेव्हा बांधावरून तो येताना दिसला. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला, काखेत चपलांचा डबा. पळत नव्हता, रमतही नव्हता. विहिरीत यंत्र घरघरत होतं आणि तो तिकडेच चालत होता.

फौजीण पुढे धावली आणि वाटेत उभी राहिली, दोन्ही हात पसरून, जसं उधळलेल्या जनावरापुढे उभं राहतात. ती पटापटा बोलत सुटली. की झालंच आहे आता, तुम्ही घरात चला, मी येते तुमच्याबरोबर, दारं लावून घेऊ, कानात कापूस देते, मी आहे, हे आपलं रान आहे, इथे काही नाही. हे शेवटचं ती नेहमी म्हणायची. रात्री तो दचकून उठला की याच क्रमाने म्हणायची.

"हात खाली घे," फौजी म्हणाला.

तिने घेतले.

"गाडीच्या काचेतून यंत्र दिसलं. विचारलं कुठे, तर आपल्याच विहिरीवर." त्याने चपलांचा डबा बांधावर ठेवला. "मला का नाही सांगितलंस?"

दीर मध्ये पडायला निघाला, तर त्याच्या बायकोने त्याची बाही धरली.

"तुला वाटतं मला आवाजाची भीती आहे," फौजी म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता, विहिरीकडे बघत होता. "तिकडे आवाज नंतर व्हायचा. आधी सगळं गप्प व्हायचं. कुत्री गप्प, पाखरं गप्प, रस्त्याकडेची माणसं घरात. कुणी काही सांगायचं नाही. गप्प झालं की समजायचं, आता होणार." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "मी घरी आलो आणि तू एकेक आवाज बंद करत गेलीस. गाईची घंटा गेली. भांडी गेली. आई गेली. मी रोज उठतो आणि वाट बघतो, की आता होणार."

विहिरीतलं यंत्र थांबलं. सुरुंगवाला शिडीने वर आला, तोंडावरचं फडकं सोडलं आणि पाहिलं की माणसं पुतळ्यासारखी उभी आहेत. काय अडचण आहे का, असं त्याने दिराला विचारलं.

फौजीच त्याच्याकडे गेला. त्याने सगळं विचारून घेतलं. भोकं किती, वायर कुठून नेणार, बटण कोण दाबणार, आधी इशारा काय. सुरुंगवाल्याने सांगितलं की तीन शिट्ट्या. पहिलीला सगळ्यांनी लांब जायचं, दुसरीला खाली बसायचं, तिसरीनंतर बटण. त्याच्या बोलण्यात काही विशेष नव्हतं. रोज दहा माणसांना सांगतो तसं सांगितलं. पण फौजी ते असं ऐकत होता, जणू त्याला कुणी पहिल्यांदाच काही समजावून सांगत होतं.

"शिट्टी मी मारतो," फौजी म्हणाला.

सुरुंगवाल्याने खांदे उडवले आणि गळ्यातली शिट्टी काढून दिली.

तिला वाटलं, आता जाऊन ती शिट्टी हिसकावून घ्यावी. दोन वर्षं जे भांडं जपलं ते हा माणूस आपल्या हाताने दगडावर आपटायला निघाला होता. पण त्याची पाठ तिला दिसत होती, आणि ती पाठ घण मारणाऱ्या माणसाची होती. ती जागीच राहिली. तिला जाणं जमलं नाही की तिने ठरवलं, ते तिला नंतरही सांगता आलं नसतं.

काठावर टायरं रचली, फांद्या टाकल्या, वर पोती. वायर चिंचेच्या झाडापर्यंत नेली. सासूला हात धरून आणखी मागे नेलं. ती मोठ्याने म्हणत होती की मला कशाला नेता, मला तर कळणारच नाही झालं की नाही ते.

पहिली शिट्टी झाली. फौजीची शिट्टी लांब आणि सरळ होती, सैन्यातली. लोक मागे सरले. दुसरी झाली. सगळे खाली बसले. फौजी उभाच होता, चिंचेच्या बुंध्याशी, रंग उतरलेला. शिट्टीचा हात त्याने दुसऱ्या हाताने धरला होता. फौजीण त्याच्यापासून चार पावलांवर होती. तो पडला तर कुठल्या बाजूने धरायचं, ते ती बघत होती. तेवढंच बघत होती.

तिसरी शिट्टी.

जमीन खालून उचलली गेली. आवाज कानातून नाही, तळपायातून आला. टायरं हातभर उडाली आणि बसली, धुळीचा आणि काळ्या धुराचा लोट उठला, बारीक खडी पानांवर पावसासारखी पडली. चिंचेतली सगळी पाखरं एकदम उठली.

फौजिणीला यातलं काहीच दिसलं नाही. ती जमिनीवर होती. गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर, तोंड मातीत. दातांत माती होती आणि कुठून तरी एक बारीक, एकसुरी आवाज येत होता, मांजराच्या पिलासारखा. तो आपल्याच घशातून येतोय हे कळायला तिला वेळ लागला. कळल्यावरही तो थांबेना. अंग तिचं ऐकत नव्हतं. दोन वर्षं जे अंग नवऱ्याच्या अंगासाठी पहारा देत होतं, त्याने हत्यार टाकलं होतं.

कुणीतरी जवळ आलं. पण एकदम नाही. आधी पाय घासल्याचा आवाज आला. मग खोकला. मग हळू हाक, तिच्या नावाने, त्या कागदावरच्या नावाने. मग जरा मोठी.

"मी आहे," फौजी म्हणाला. तो तिच्या समोर उकिडवा बसला होता, हात न लावता. त्याचा आवाज कापत होता, पण शब्द क्रमाने येत होते. "हे आपलं रान आहे. ही चिंच. सुरुंग होता, आपणच लावला. झाला. आता काही नाही."

तिने डोकं उचललं. त्याच्या ओठांना रंग नव्हता आणि कपाळावरून घाम वाहत होता. शिट्टी अजून दातांत धरल्यासारखा जबडा आवळलेला. पण तो होता. बसलेला होता, तिच्याकडे बघत होता.

"तुम्हाला काही झालं नाही," ती म्हणाली. ते विचारणं होतं की तक्रार, कळलं नाही.

"झालं की. पाय बघ." त्याच्या मांड्या खरंच भिजलेल्या जनावरासारख्या थडथडत होत्या. "पण मला माहीत होतं ना कधी. शिट्टी माझ्याच तोंडात होती."

ती त्या थडथडणाऱ्या पायांकडे बघत राहिली, आणि मग स्वतःच्या हातांकडे. दोन्हींची चाल एकच होती. तिला हसू यायला लागलं. हसण्याबरोबर रडूही आलं आणि दोन्हींना एकच तोंड असल्यामुळे थोडी गर्दी झाली. फौजीने आपला हात मधे ठेवला, जमिनीवर, पालथा. तिने त्यावर आपलं तिरकं मनगट ठेवलं.

मग सासूची हाक आली, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी, की झालं का रे, सांगा की कुणीतरी.

धूर निघायला संध्याकाळ झाली. फोडलेला दगड उचलायच्या यारीने काढायला पुढचे चार-पाच दिवस गेले. पाटीमागून पाटी, दोर करकरत. काळा थर तुटला होता आणि त्याच्या खालून, पूर्वेच्या अंगाला, अंगठ्याएवढी धार लागली होती. फार नाही. पण तुटत नव्हती. कडेच्या सऱ्या गेल्या त्या गेल्या; मधले गड्डे धरले. दीर म्हणाला की तुमच्या आजोबांनी अर्धी विहीर फोडली आणि सुरुंगवाल्याने अर्धी, तेव्हा पाणीही अर्धं-अर्धं वेगळ्या चवीचं लागेल. ती म्हणाली, तुमच्या बाजूचं कडूच लागणार.

रात्री ती अजून जागीच असते. सवय एका सुरुंगाने फुटत नाही. फौजी अजूनही बाजारात जात नाही, जाईन म्हणतो. पण आता ती सांगते. सकाळी भांडी घासायला घेताना सांगते की आज स्टीलची काढतेय, वाजतील. तोही सांगतो. मी मागून येतोय. मी कोयता टाकतोय. आज मला बोलावंसं वाटत नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, ही दोघं कुठल्या नाटकाची तालीम करतायत.

गाईच्या घंटेतला कापूस त्याने काढला, तिला सांगून. गाय मान हलवत दिवसभर गोठ्यात उभी राहिली.

आणि एका सकाळी फौजीण बांधावर जाऊन उभी राहिली. पलीकडे दिराच्या अंगणात म्हातारी उन्हाला बसून लसूण सोलत होती. हळू बोलायची तिला इतकी सवय झाली होती की पहिल्यांदा नुसता वारा बाहेर आला. तिने मागे वळून पाहिलं. फौजी गोठ्याच्या दारात उभा होता.

"ओरडणार आहे," ती त्याला म्हणाली.

"ओरड."

तिने छातीत हवा भरली आणि दोन्ही हात तोंडाशी धरले.

"आई, बोचकं बांधा. दूध उतू घालवायला या."

म्हातारीने मान वर केली. काय म्हणतेस, असं तिने तिकडून ओरडून विचारलं, आणि फौजीण पुन्हा ओरडली, आधीपेक्षा मोठ्याने.